रोमन संख्या कशा लिहायच्या? पालकांचे आणि मुलांचे नेहमीचे प्रश्न

सांगलीत मी पाचवीच्या मुलांचे शिष्यवृत्तीचे वर्ग घेते. पाचवीच्या गणिताची सुरुवातच रोमन संख्याचिन्हांनी होते, त्यामुळे शाळा उघडल्या की पंधरा दिवसांत पालकांचे फोन सुरू होतात. प्रश्न तेच असतात आणि चुकाही त्याच. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलं आहे.

एक सूचना आधीच देते. या पानावर रोमन अक्षरं आपण उच्चारतो तशीच लिहिली आहेत. आजीनं किंवा आजोबांनी मोठ्यानं वाचायचं आणि नातवानं वहीत कॅपिटल अक्षरं काढायची, असा सराव घरी करता यावा म्हणून. मधल्या आडव्या रेघा फक्त वाचायच्या सोयीसाठी आहेत. वहीत अक्षरं सलग लिहायची, रेघ न मारता.

रोमन अक्षरं एकूण किती आणि कोणाची किंमत किती?

सात. आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५०० आणि एम १०००.

शाळेच्या धड्यात भर आय, व्ही, एक्स यांच्यावरच असतो. शिष्यवृत्तीची तयारी करायची किंवा एखादं साल लिहायचं तर सातही हवीत. लक्षात ठेवायला मी मुलांना चित्र काढून दाखवते. आय ही उभी काडी. एक्स ही फुली. ती फुली मधोमध आडवी कापली की वरचा अर्धा भाग व्ही दिसतो, म्हणजे दहाचे निम्मे पाच. डीचंही तसंच आहे. हजारासाठी जुन्या काळी गोलात उभी रेघ असं चिन्ह वापरत. त्याचा उजवा अर्धा भाग म्हणजे डी, अर्धा हजार. सी हे लॅटिन ‘केंटुम’चं पहिलं अक्षर, आणि हा शब्द आपल्या ‘शतम्’चा भाऊबंद आहे. हे सांगितल्यावर मुलं एल आणि सी यांची अदलाबदल करत नाहीत.

माझी मुलगी दहापर्यंत बरोबर लिहिते, पुढे गोंधळते. कुठून सुरुवात करू?

तिला आणखी नियम देऊ नका. संख्या सुटी करायला शिकवा.

मुलांना ‘विस्तारित मांडणी’ येतेच. २७८ म्हणजे २०० अधिक ७० अधिक ८. आता प्रत्येक तुकडा वेगळा लिहायचा. २०० म्हणजे सी-सी. ७० म्हणजे एल-एक्स-एक्स. ८ म्हणजे व्ही-आय-आय-आय. तिन्ही शेजारी शेजारी मांडले की सी-सी-एल-एक्स-एक्स-व्ही-आय-आय-आय. झालं.

वर्गात मी फळ्यावर चार रकाने आखते आणि वर लिहिते: ह, श, द, ए. हजार, शतक, दशक, एकक. मुलं आधी आपले नेहमीचे अंक रकान्यात भरतात, मग प्रत्येक रकान्याखाली रोमन अक्षरं. अंक शून्य असेल तर त्याखालचा रकाना कोरा. ३०६ लिहिताना दशकाखाली काहीच येत नाही: सी-सी-सी, मग थेट व्ही-आय.

यातली मौज अशी की एककाची चाल एकदा बसली की बाकीच्या आपोआप बसतात. एककात चाल चालते आय, व्ही, एक्स या तिघांवर. दशकात तीच चाल एक्स, एल, सी यांच्यावर. शतकात सी, डी, एम. ४ म्हणजे आय-व्ही, ४० म्हणजे एक्स-एल, ४०० म्हणजे सी-डी. ९ म्हणजे आय-एक्स, ९० म्हणजे एक्स-सी, ९०० म्हणजे सी-एम. ठेका एकच, फक्त अक्षरं एक घर पुढे सरकतात. मुलगी ४ आणि ९ न अडखळता सांगत असेल, तर ९०० तिला निम्मं आलेलं आहे.

पंचेचाळीस लिहिताना मुलगा व्ही आधी लिहितो. हे कशामुळे होतं?

आपल्या भाषेमुळे. यात मुलाचा दोष नाही, हे आधी त्याला सांगा.

मराठीत आपण एकक आधी बोलतो. पंचेचाळीस या शब्दात पाच पुढे, चाळीस मागे. कानावर ‘पंचे’ आलं की हात व्हीकडे वळतो आणि वहीत उमटतं व्ही-एक्स-एल. बरोबर उत्तर आहे एक्स-एल-व्ही. रोमन लिपीत मोठी जागा नेहमी आधी येते: चाळीस, मग पाच.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं तेव्हा राज्यभर केवढी चर्चा झाली, ते अनेकांना आठवत असेल. घरात ‘पंचेचाळीस’च म्हणावं, असं माझं ठाम मत आहे. तो आपला शब्द आहे. पण रोमन लिहिताना मनातल्या मनात ‘चाळीस पाच’ म्हणून बघा. लेखन जणू कुणी सांगतंय आणि आपण लिहितोय, इतकं सरळ येतं.

सांगलीच्या मुलांना मी हे पुराच्या पाण्यावरून शिकवते. पावसाळ्यात इथल्या प्रत्येक घरात एकच प्रश्न असतो: आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर? कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. इशारा एक्स-एल, धोका एक्स-एल-व्ही. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सत्तावन्न, म्हणजे ‘पन्नास सात’, म्हणजे एल-व्ही-आय-आय. त्या पुरात वह्या-पुस्तकं भिजलेली मुलं माझ्या वर्गात होती. हे तीन आकडे त्यांच्यापैकी कुणी कधी चुकलं नाही.

एकोणपन्नास म्हणजे पन्नासला एक उणा. मग आय-एल का चूक?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न आहे. तो विचारणारं मूल विचार करत असतं.

एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, थेट एकोणनव्वदपर्यंत आपण ‘एक उणा’ म्हणूनच मोजतो. त्यामुळे ४९ ला आय-एल आणि १९ ला आय-एक्स-एक्स लिहावंसं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण रोमन लेखनात वजाबाकी एकाच घरात चालते. एककातला आय दशकाच्या एलमधून वजा होत नाही. ४९ सुटे करा: ४० म्हणजे एक्स-एल, ९ म्हणजे आय-एक्स. उत्तर एक्स-एल-आय-एक्स. तसंच १९ म्हणजे एक्स-आय-एक्स, ९९ म्हणजे एक्स-सी-आय-एक्स.

गंमत म्हणजे रोमन लोकही बोलताना आपल्यासारखंच बोलायचे. लॅटिनमध्ये एकोणिसाला ‘उन्देविगिन्ती’ म्हणतात. अर्थ तोच, विसातून एक उणा. बोलायचे एकोणीस, लिहायचे दहा आणि नऊ. मुलांना हे सांगून बघा. तोंडची संख्या आणि कागदावरची संख्या वेगळ्या वाटेनं जाऊ शकतात, हे त्यांना चटकन पटतं.

वजाबाकीच्या जोड्या नेमक्या कोणत्या?

सहाच. ४, ९, ४०, ९०, ४०० आणि ९००. आय फक्त व्ही आणि एक्सच्या आधी येतो, एक्स फक्त एल आणि सीच्या आधी, सी फक्त डी आणि एमच्या आधी. व्ही, एल, डी कधीही वजा होत नाहीत. आणि वजा होणारं अक्षर एकच असतं, दोन नाही. म्हणून ८ साठी आय-आय-एक्स चालत नाही.

एक अक्षर किती वेळा लिहिता येतं?

आय, एक्स, सी, एम जास्तीत जास्त तीनदा सलग. व्ही, एल, डी एकदाच. दोन व्ही म्हणजे दहा, आणि दहाला एक्स आहेच.

मग आमच्या भिंतीवरच्या घड्याळात चारसाठी चार काड्या कशा?

घड्याळ चुकलेलं नाही. घड्याळाच्या तबकडीवर चार आय काढायची चाल फार जुनी आहे आणि बहुतेक घड्याळकार आजही ती पाळतात. कारणं बरीच सांगितली जातात. समोरच्या बाजूला आठ आहे, व्ही-आय-आय-आय, चार अक्षरांचा. त्याच्या जोडीला चार काड्या तबकडीचा तोल साधतात, हे मला त्यातलं सर्वांत पटतं. पण सगळेच तसं करत नाहीत. लंडनच्या बिग बेनच्या मनोऱ्यावर आय-व्ही आहे.

मुळात खुद्द रोमन लोक आपल्याइतके काटेकोर नव्हते. रोमच्या कोलोसियमच्या दारांवर क्रमांक कोरलेले आहेत. तिथे ४४ व्या दारावर एक्स-एल-आय-आय-आय-आय आहे. चाळीस वजाबाकीनं आणि चार काड्यांनी, एकाच दगडावर! अठराव्या पलटणीतल्या एका अधिकाऱ्याच्या स्मारकशिलेवर १८ हा आकडा एक्स-आय-आय-एक्स असा आहे. आपण शाळेत शिकतो ते नियम पुढे पक्के होत गेले. मुलानं परीक्षेत चारला चार काड्या लिहिल्या तर गुण जातील, पण घड्याळ दाखवून त्यानं वाद घातला तर त्याला गप्प बसवू नका.

साल कसं लिहायचं?

तसंच, ह-श-द-ए. आपल्या ओळखीची सालं घेतली की सराव कंटाळवाणा होत नाही.

आयर्विन पूल १९२९ चा. १००० एम, ९०० सी-एम, २० एक्स-एक्स, ९ आय-एक्स. एम-सी-एम-एक्स-एक्स-आय-एक्स. पहिलं मराठी नाटक सांगलीत झालं ते १८४३ साली: एम, डी-सी-सी-सी, एक्स-एल, आय-आय-आय. देश स्वतंत्र झाला १९४७: एम-सी-एम-एक्स-एल-व्ही-आय-आय. महाराष्ट्र १९६०: एम-सी-एम-एल-एक्स, इथे एककाचा रकाना कोरा.

आणि एक साल मी दरवर्षी राखून ठेवते. महाराज आग्र्याहून निसटले ते १६६६. सुटं करून लिहा: एम, डी-सी, एल-एक्स, व्ही-आय. सातही अक्षरं, प्रत्येक एकदाच, मोठ्याकडून छोट्याकडे, ओळीनं. एम-डी-सी-एल-एक्स-व्ही-आय. फळ्यावर हे उमटलं की वर्ग क्षणभर शांत होतो आणि मग एकदम गलका होतो. सातही अक्षरांचा क्रम विसरला तर १६६६ लिहून काढायचं, इतकं मी मुलांना सांगून ठेवलं आहे.

कोनशिलेवर किंवा अंगठीवर रोमन तारीख कोरायची आहे. काय जपावं?

कागदावर दोन्ही लिहून द्या: नेहमीच्या अंकांत आणि रोमनमध्ये. कोरण्याआधी तिसऱ्या माणसाकडून उलट वाचून घ्या.

हे मी पोटतिडकीनं लिहिते आहे, कारण एका कोनशिलेचा फोटो माझ्याकडे उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी आला होता. ‘मॅडम, एकदा नजर टाका’ म्हणून. साल हवं होतं २०२४, एम-एम-एक्स-एक्स-आय-व्ही. दगडावर होतं एम-एम-एक्स-एक्स-व्ही-आय. दोन अक्षरांची अदलाबदल, आणि वास्तू दोन वर्षं पुढे गेली. काळ्या ग्रॅनाइटवर कोरून सोनेरी रंग भरलेला, पॉलिश झालेलं. खोडायला जागा नव्हती, दगड नवा घ्यावा लागला. कोरणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याच्या हातात फक्त अक्षरं दिली होती, आकडा कुणीच दिला नव्हता. आकडा शेजारी असता तर त्याच्याच लक्षात आलं असतं.

अंगठीवर दिवस, महिना, साल यांच्यामध्ये ठिपका द्या, नाहीतर तिन्ही एकमेकांत मिसळतात. जागा कमी असेल तर फक्त साल कोरा.

रोमनवरून नेहमीची संख्या कशी काढायची?

डावीकडून वाचत जायचं. पुढचं अक्षर मोठं असेल तिथे थांबायचं आणि त्या दोघांना पेन्सिलीनं एका गोलात घ्यायचं. ती वजाबाकीची जोडी. बाकी सगळी बेरीज.

एम-डी-सी-सी-सी-एक्स-एल-व्ही-आय-आय-आय घ्या. यात एक्सच्या पुढे एल मोठा, म्हणून तो गोल, ४०. उरलेलं १०००, ५००, ३००, ५, ३. एकूण १८४८. इंग्रजांनी साताऱ्याचं राज्य खालसा केलं ते साल.

शून्याला कोणतं अक्षर?

नाही. रोमन पद्धतीत शून्याचं चिन्हच नाही, आणि त्याची गरजही पडत नाही, कारण अक्षराची किंमत त्याच्या घरावर ठरत नाही. एक्स कुठेही असो, दहाच. आपल्या पद्धतीत ५ हा अंक कुठे बसलाय त्यावर पाच, पन्नास की पाचशे ते ठरतं, म्हणून रिकामं घर दाखवायला शून्य लागतं. शून्यासह बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्येच मांडले होते. हे अंक अरबांमार्फत युरोपात गेले आणि तिथे रुळायला शतकं लागली. १२९९ साली इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये सराफांच्या संघानं हिशेबाच्या वह्यांत हे नवे अंक वापरायला बंदी घातली होती. सांगलीच्या वखारभागात, म्हणजे व्यापारी पेठेत, पिढ्यान्‌पिढ्या वह्या लिहिणाऱ्यांना रोमन अक्षरांत हळदीचा हिशेब करायला सांगा, मग आपल्या शून्याचं मोल कळेल.

रोमन लोक गुणाकार-भागाकार कसे करायचे?

अक्षरांवर नाही. पाटीवर खडे सरकवून करायचे आणि उत्तर फक्त अक्षरांत लिहायचे. खड्याला लॅटिनमध्ये ‘कॅल्क्युलस’ म्हणतात. कॅल्क्युलेटर हा शब्द तिथूनच आला.

३९९९ च्या पुढे काय?

नेहमीच्या पद्धतीत ३९९९ शेवटचा: एम-एम-एम-सी-एम-एक्स-सी-आय-एक्स. त्यापुढे अक्षरांच्या डोक्यावर आडवी रेघ देतात. तिच्याखालच्या अक्षरांची किंमत हजारपट होते. आय-व्ही वर रेघ म्हणजे ४०००. पाचवीला हे लागत नाही.

कॉम्प्युटरवर थेट रूपांतर होतं का?

होतं. एक्सेलमध्ये ‘रोमन’ नावाचं फंक्शन आहे, कंसात संख्या दिली की उत्तर येतं, ३९९९ पर्यंत. उलट करायला ‘अरेबिक’ फंक्शन आहे. मात्र एक खाच आहे. रोमन फंक्शनच्या कंसात संख्येनंतर स्वल्पविराम देऊन ४ लिहिलं तर ते आखूड रूप देतं, आणि ४९९ चं उत्तर आय-डी असं येतं. एक पालक हे छापून घेऊन आले होते, ‘कॉम्प्युटर म्हणतोय, मग मुलाचं चूक कसं?’ म्हणून. शाळेचं उत्तर सी-डी-एक्स-सी-आय-एक्स हेच. कंसात फक्त संख्या द्यायची, पुढे काही नाही.

वर्डमध्ये प्रस्तावनेच्या पानांना लहान रोमन अंक द्यायचे असतील तर पृष्ठक्रमांकाच्या फॉरमॅटमध्ये ती निवड मिळते.

शिष्यवृत्तीला ‘१ ते २० लिहिताना व्ही किती वेळा येतो’ असं विचारलं तर?

दहाचा गठ्ठा मोजायचा. १ ते १० मध्ये व्ही येतो ४, ५, ६, ७, ८ मध्ये, म्हणजे पाचदा. ११ ते २० मध्ये तोच ठेका, आणखी पाच. उत्तर दहा. आय मोजायचा असेल तर १ ते १० मध्ये चौदा वेळा येतो, म्हणून २० पर्यंत अठ्ठावीस. एक्स मात्र हातानं मोजावा. ९ मध्ये एक, १० मध्ये एक, ११ ते १८ मध्ये आठ, १९ मध्ये दोन आणि २० मध्ये दोन. चौदा. १९ मधला दुसरा एक्स बहुतेक मुलं सोडतात.

हे शिकून पुढे उपयोग काय?

उपयोग रोजचा नाही, हे खरं. पण अडतं तेव्हा अडतं. आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी प्रतीत भागांचे क्रमांक रोमन आहेत. मूलभूत हक्क भाग आय-आय-आय मध्ये. रसायनशास्त्रात लोहाची दोन संयुगं वेगळी दाखवायला कंसात आय-आय किंवा आय-आय-आय लिहितात. रक्त गोठवणाऱ्या घटकांना रोमन क्रमांक आहेत. हिमोफिलियाच्या रिपोर्टवर फॅक्टर व्ही-आय-आय-आय आणि फॅक्टर आय-एक्स हे दोन वेगळे आजार सांगतात आणि त्यांची औषधंही वेगळी. आठ आणि नऊ तिथे ओळखता यायलाच हवेत.

घरी सरावाला कोणत्या संख्या द्याव्यात?

सोप्या वीस देण्यापेक्षा अडणाऱ्या सहा द्या. ३९: एक्स-एक्स-एक्स-आय-एक्स. ६४: एल-एक्स-आय-व्ही. ८८: एल-एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय-आय-आय, शंभराच्या आतली सगळ्यात लांब. ९४: एक्स-सी-आय-व्ही. ४४४: सी-डी-एक्स-एल-आय-व्ही. ९९९: सी-एम-एक्स-सी-आय-एक्स. संख्या तोंडी सांगा, वहीत बघू देऊ नका, आणि मूल लिहायच्या आधी ओठांतल्या ओठांत ‘साठ चार’ म्हणतंय का, तेवढं बघा.